‘एकनिष्ठ नको लिहूस, पोरी’

पत्र

ताई, स. न.

मी वाळवा तालुक्यातल्या एका गावात सहकारी पाणीपुरवठा संस्थेत क्लार्क आहे. कृष्णेवरून पाणी उचलून साडेचारशे एकरांना देणारी आमची लहानशी संस्था. आमचे पाटकरी, म्हणजे ज्याच्या त्याच्या पाळीला पाणी सोडणारे, या महिनाअखेरीस निवृत्त होताहेत. एकतीस वर्षं त्यांनी पाण्याच्या पाळ्या सांभाळल्या. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं. २०१९ च्या महापुरात नदी चढत होती, तरी मोटारी वर काढल्याशिवाय ते जॅकवेलवरून, म्हणजे पाणी उचलायच्या नदीकाठच्या विहिरीवरून, हलले नव्हते.

निरोप समारंभात त्यांना मानपत्र द्यायचं ठरलंय आणि लिहायचं काम माझ्याकडे आलंय. चेअरमन अण्णा म्हणाले, ‘संस्थेचे एकनिष्ठ सेवक’ असं वर मोठ्या अक्षरात टाक. एका संचालकांनी ‘वफादार’ सुचवलं. मी मसुदा करून तात्यांना वाचून दाखवला. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “एकनिष्ठ नको लिहूस, पोरी. मी कुणाचाच न्हवतो.” मग बॅटरी उचलून पाळीवर निघून गेले.

कौतुकाच्या शब्दाचं त्यांना वाईट का वाटावं? आई सांगते, बारा वर्षांपूर्वी उन्हाळ्यात त्यांनी तेव्हाच्या एका संचालकाच्या उसाला पाळी मोडून पाणी दिलं नाही, म्हणून भर मीटिंगमध्ये त्यांना ‘बेइमान’ म्हटलं गेलं होतं. तोच राग अजून असेल का? निष्ठा, इमान, वफादारी यांत नेमका फरक काय, आणि मी लिहू तरी काय? आठवड्याभरात मजकूर फ्रेमवाल्याकडे द्यायचाय.

उत्तर

तात्या रागावलेत असं मला वाटत नाही. तू दिलेला शब्द त्यांनी अंगाला लावून बघितला आणि तो आपल्या मापाचा नाही, एवढं सांगितलं. एकतीस वर्षं पाणी मोजून देणारा माणूस शब्दही मोजूनच घेणार.

‘एकनिष्ठ’ हा मोठ्या तोलाचा शब्द आहे. पण तो एकटा कधी येत नाही, त्याच्या मागोमाग ‘कुणाशी?’ हा प्रश्न येतोच. बायकोशी एकनिष्ठ, नवऱ्याशी एकनिष्ठ, गुरूशी, राजाशी, पक्षाशी. तो ‘एक’ कोण हे कळल्याशिवाय शब्द पुरा होत नाही. निष्ठा या शब्दात संस्कृतातला ‘स्था’ हा धातू आहे, म्हणजे उभं राहणं. स्थिर, आस्था, प्रतिष्ठा ही सगळी त्याच घरची भावंडं, आणि आपल्या बोलण्यातले ठाव, ठाण हेही त्याच कुळातले. निष्ठा असलेला माणूस एका जागी उभा राहतो आणि दुसरीकडे नजर वळवत नाही. तुकोबा ‘निष्ठावंत भाव भक्तांचा स्वधर्म’ म्हणतात आणि लगेच पुढे बजावतात, ‘पाहों नये वास आणिकांची’. वास म्हणजे वाट. दुसऱ्या कुणाची वाटसुद्धा बघू नये. भक्ताला हे शोभतं, कारण त्याच्या समोर विठ्ठल उभा आहे. पाटकऱ्याच्या समोर कोण आहे? साडेचारशे एकरांचे सगळे सभासद. त्यांतल्या एकाकडे तोंड करून तो उभा राहिला की बाकीच्यांचं वाळलंच म्हणून समज.

म्हणून ‘मी कुणाचाच न्हवतो’. तुला हे वाक्य दुखावल्यासारखं वाटलं. मला त्यात अभिमान ऐकू येतो.

एकनिष्ठ हा शब्द जिथं अगदी चपखल बसतो असा एक माणूस सांगते. आमच्या साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या अंगाला चार भिंती नावाची जागा आहे, १८५७ च्या हुतात्म्यांचं स्मारक आहे तिथं. संध्याकाळी मी तिकडे चालायला जाते आणि दर वेळी मला रंगो बापूजी गुप्ते आठवतात. १८३९ साली इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. महाराजांचे वकील म्हणून रंगो बापूजी लंडनला गेले आणि तेरा-चौदा वर्षं तिथं दाद मागत बसले. १८४७ साली महाराज काशीतच वारले. १८४८ साली सातारचं राज्य खालसा झालं. ज्याची वकिली करायची तो धनी नाही, ज्यासाठी भांडायचं ते राज्य नाही, तरी हा माणूस आणखी काही वर्षं लंडनमध्ये अर्ज करतच राहिला. परत आल्यावर १८५७ च्या उठावाच्या कटात सामील झाला. कट फुटला. गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड झाला आणि त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. ते स्वतः मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

या माणसाला एकनिष्ठ म्हणावं. कुणाशी, असं विचारलं तर उत्तर तयार आहे: महाराजांशी, आणि महाराज गेल्यावर त्यांच्या हक्काशी. तात्यांच्या बाबतीत तोच प्रश्न विचारून बघ. एकही नाव पुढे येणार नाही. आलं असतं, तर त्यांना मानपत्र द्यायची वेळच आली नसती.

तू म्हणशील, मानपत्रात ‘संस्थेशी’ लिहिलंय, कुणा माणसाशी नाही. कागदावर ते बरोबर आहे. पण गावात ‘संस्था कुणाची?’ असं विचारलं की लोक निवडणूक जिंकलेल्या पॅनेलचं नाव सांगतात, हे तुलाही माहीत आहे. आणि आपल्या महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत ‘निष्ठावंत’ हा शब्द तिकीटवाटपाच्या बातम्यांत इतका वापरला गेलाय, की तो ऐकला की आधी गट आठवतो. ‘निष्ठावंतांना डावललं’, ‘निष्ठावंतांचा मेळावा’. शब्दाचा दोष नाही. पण समारंभाला बसलेले दोन्ही पॅनेलचे लोक तो शब्द कोणत्या कानानं ऐकतील, याचा विचार तुला करायला हवा.

‘वफादार’ नको. शब्द वाईट नाही, फारसीतून आलाय आणि दिलेलं वचन पुरं करणं हा अर्थ त्याच्या मुळाशी आहे. पण मराठीत तो मालक आणि राखणदार यांच्या मधल्या जागेत येऊन बसला. आपण ‘वफादार कुत्रा’ म्हणतो, ‘इमानी जनावर’ म्हणतो. बेंदराला बैलाच्या कपाळावर हात फिरवून कुणी इमानी म्हटलं, तर त्यात जीव लावलेला असतो. तोच शब्द पगार देणाऱ्यानं पगार घेणाऱ्याला स्टेजवरून दिला, की त्याचा अर्थ खाली घसरतो. संचालकांच्या मनात तसं काही नसेल. तरी नको.

‘विश्वासू’ही टाळ. अर्जाच्या तळाशी ‘आपला विश्वासू’ लिहून लिहून त्यातला जीव गेलाय, आणि ‘विश्वासू नोकर’ म्हटलं की धन्याच्या घराच्या किल्ल्याच डोळ्यांपुढे येतात. ‘भरवशाचा माणूस’ हे बोलताना फार गोड आहे, मलाही आवडतं. पण मानपत्र मोठ्यानं वाचलं जातं, आणि भरवसा म्हटलं की मागच्या रांगेतल्या कुणाला तरी म्हैस आणि टोणगा आठवतोच.

आता ‘मिठाला जागणे’. हा वाक्प्रचार तुझ्या मसुद्यात असेल अशी माझी अटकळ आहे, कारण असल्या मानपत्रांत तो असतोच. त्यावर जरा थांबायला हवं, कारण तात्यांची सगळी गोष्ट या दोन शब्दांत आहे. खाल्ल्या मिठाला जागावं, हे खरंच. पण मीठ कुणाचं? तात्यांचा पगार सभासदांच्या पाणीपट्टीतून निघाला. अर्ध्या एकराला पाणी घेणाऱ्या विधवेचे पैसे त्यात होते आणि वीस एकर ऊसवाल्याचेही होते. त्या संचालकाला वाटलं, मीठ माझं. तात्यांना ठाऊक होतं, मीठ सगळ्यांचं. त्या उन्हाळ्यात ते खाल्ल्या मिठाला जागले, म्हणूनच त्यांना बोल ऐकावा लागला.

आणि ‘जागणे’ हे क्रियापद तर बघ. शब्दाला जागणे, उपकाराला जागणे, ब्रीदाला जागणे. जे आपल्यावर सोपवलंय त्याच्या उशाशी न झोपता बसणं, हा त्याचा मूळ भाव आहे. पूर्वी गावात रात्रीची राखण करणाऱ्याला ‘जागल्या’च म्हणत. तात्या तर अक्षरशः जागले. शेतीची लाईट रात्रीची असली की माणसं दारं धरायला, म्हणजे शेतात पाणी वळवायला जातात, पण कुणाचं दारं किती वाजता, हे बघायला त्यांच्याही आधी पाटकरी बांधावर असतो. वाक्प्रचार वापरायचाच असेल तर मीठ बाजूला ठेव आणि ‘जागणे’ ठेव. मीठ म्हटलं की देणारा मोठा होतो. जागणे म्हटलं की जागणारा.

आता ‘बेइमान’कडे येते. तुझ्या पत्रातला हाच शब्द मला सगळ्यात जास्त टोचला.

इमान मूळ अरबी. तिथं त्याचा अर्थ श्रद्धा, देवावरचा विश्वास. मराठीत रुळल्यावर तो माणसाच्या सचोटीचा शब्द झाला. आपण तो कसा वापरतो ते ऐक: इमान राखलं, इमान विकलं, इमानाची भाकरी, इमानाचा पैसा. निष्ठा आपण दुसऱ्याच्या चरणी वाहतो. इमान कुणाला वाहत नाहीत, ते स्वतःजवळ राखायचं असतं. म्हणून कोणाचाही नसलेला माणूसही इमानी असू शकतो. बेलाची पानं आणि भंडारा हातात घेऊन शपथ घ्यायची आपल्याकडे रीत होती, बेलभंडार उचलणं म्हणायचे तिला. पालीच्या खंडोबाला जाणाऱ्या माणसांना हे सांगायला नको. तो बेलभंडार उचलणारा ‘मी अमक्याचा आहे’ असं सांगत नसे. ‘मी खरं बोलतोय’ असं सांगत असे. इमान हे त्या जातीचं आहे.

त्या मीटिंगमध्ये काय झालं, हे आता नीट दिसेल. त्या संचालकाला म्हणायचं होतं, ‘तू माझं ऐकलं नाहीस’. त्यासाठी मराठीत पुष्कळ शब्द आहेत. हट्टी म्हणायचं, हेकट म्हणायचं, आडमुठा म्हणायचं. त्यानं उचलला बेइमान, आणि ज्या एका गोष्टीवर तात्या उभे होते, नेमक्या तिच्यावरच घाव घातला. बारा वर्षं झाली तरी तुझ्या आईला तो शब्द आठवतो, मग ज्याला तो लागला त्याला किती आठवत असेल? कुणी त्याबद्दल माफी मागितल्याचं तू लिहिलेलं नाहीस. त्या दिवशी चारचौघांत जो शब्द त्यांच्याकडून हिसकावला, तोच चारचौघांत त्यांना परत द्यायचं काम तुझ्याकडे आलंय. एकनिष्ठनं ते होणार नाही. इमाननंच होईल.

आणि त्यासाठी आपल्याकडे तयार, घासून गुळगुळीत झालेला शब्द आहे: इमानेइतबारे. इतबार म्हणजे भरवसा. इमान माणसानं स्वतः राखायचं, इतबार लोकांनी त्याच्यावर ठेवायचा. दोन्ही एका दमात येतात. जुन्या चाकरीच्या भाषेतला हा शब्द अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. ‘इमानेइतबारे नोकरी केली’ असं कुणी म्हणालं, की ‘कुणाशी?’ असं कोणी विचारत नाही.

ठामपणाचे शब्द राहिले. ‘ठाम’ हा मताला आणि नकाराला लागतो. त्या उन्हाळ्याबद्दल तो बरोबर आहे, पण तो लिहिलास तर जखमेवरची खपली निघेल. ‘खंबीर’ आपण दुःखातल्या माणसाला म्हणतो. ‘अढळ’ ध्रुवाला शोभतो, जो ढळत नाही तो. रोज रात्री या व्हॉल्व्हवरून त्या व्हॉल्व्हवर चालत जाणाऱ्या माणसाला अढळ कसं म्हणणार? ‘चिवट’ माझा फार लाडका, हरळीसारखा शब्द. पण फ्रेममध्ये तो रुसून बसेल.

इथं एक गोष्ट माझ्या मनात घोळत राहिली. माणूस बदलला हे सांगायला मराठीत किती हलणारी क्रियापदं आहेत! फुटला, फिरला, उलटला, पलटला, ढळला. आणि चांगल्या माणसाबद्दल काय म्हणतात? फुटला नाही. तुझ्या तालुक्याला हे मी काय सांगू? येडे मच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे दिवस तुमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी पाहिलेले. तेव्हा तुमचा वाळवा तालुका सातारा जिल्ह्यातच होता. भूमिगतांना घरात ठेवणाऱ्या, माळावर भाकरी पोचवणाऱ्या बाया-माणसांना निष्ठा वगैरे शब्द कुणी लावले नाहीत. पोलिसांनी मारलं तरी तो फुटला नाही, एवढंच म्हटलं गेलं, आणि ते पुरलं. तात्यांबद्दलही तुझ्या गावात कोणी ना कोणी असंच म्हणत असेल, ‘तात्या पाळी मोडत न्हाई’. ते वाक्य शोध. पारावर, दूध डेअरीत, सोसायटीच्या पायरीवर. मानपत्रासाठी त्याहून चांगला मजकूर मी तुला देऊ शकणार नाही.

तरी सुरुवातीला हाताशी असावं म्हणून चार ओळी लिहून देते. आवडल्या तर घे, आणि आकडे-तारखा रजिस्टरवरून तपासून घे.

“आपण एकतीस वर्षे या संस्थेची पाळी इमानेइतबारे पाळली. रात्रीच्या लाईटला आपण जागलात म्हणून सभासद निर्धास्त झोपले. पाळी कुणाची आहे, एवढेच आपण पाहिले. शेत कुणाचे आहे, हे कधी पाहिले नाही. २०१९ च्या महापुरात मोटारी वर निघेपर्यंत आपण जॅकवेलवरून हलला नाहीत.”

कर्तव्यतत्पर, मनमिळाऊ, निगर्वी ही नेहमीची आरास करू नकोस. शाळेत असताना मी स्वतः डझनभर निरोप समारंभांची मानपत्रं लिहिली आणि दर वेळी हेच शब्द पुढेमागे केले. आज त्यातलं एकही मानपत्र कुणाचं होतं, ते नुसतं वाचून मला सांगता येणार नाही. तुझं तसं होऊ नये. जॅकवेल हा शब्द आला की ते मानपत्र तात्यांचं होतं, दुसऱ्या कुणाचं होऊ शकत नाही.

त्या जुन्या मीटिंगचा उल्लेख मात्र मानपत्रात अजिबात नको, आडूनसुद्धा नको. तो संचालक किंवा त्याच्या घरचं कोणी समोर बसलेलं असेल. ‘शेत कुणाचे’ ही ओळ ज्याला कळायची त्याला कळेल. इतरांना ती फक्त चांगली वाटेल.

अण्णांशी वाद घालू नकोस. ‘एकनिष्ठ चुकीचं आहे’ असं म्हणालीस तर तो त्यांच्या मानाचा प्रश्न होईल. त्यांना नवा मजकूर मोठ्यानं वाचून दाखव. इमानेइतबारे हा शब्द ऐकायला भारदस्त आहे, त्यांना आवडेल. तरीही एकनिष्ठ हवंच म्हणून अडून बसले, तर ‘पाळीशी एकनिष्ठ’ असं लिही. ‘कुणाशी?’ याचं उत्तर त्यात आलं, आणि त्याला तात्याही नाही म्हणणार नाहीत.

तात्यांना परत वाचून दाखवू नकोस. त्यांनी एकदा आपलं म्हणणं सांगितलंय. त्यांच्या घरी काकूंना दाखव. तात्यांच्या रात्री कशा गेल्या, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी एखादा शब्द बदलायला सांगितला तर माझं न ऐकता त्यांचं ऐक.

फ्रेमवाल्याला बजावून ठेव, ‘इमानेइतबारे’ हा एकच जोडशब्द आहे, ओळीच्या शेवटी तोडायचा नाही. आणि समारंभाची वेळ ठरवायच्या आधी त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा आहे की रात्री, तेवढं बघून घे. पाळी चालू असली तर तात्या यायचे नाहीत.